जॉनी क्लेग, झुलू गिटार आणि आपला बँजो

बँजो_मास्तर

पितृपंधरवड्यात बँजो पार्टीला कोण विचारतंय? गणपती विसर्जनाला बोटांची सालं निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून वाद्यं खोळीत. त्या रिकामपणात यंदा भाच्यानं मोबाईल पुढं केला. म्हणाला, मामा, हा गोरा बघा.

स्टेजवर गिटार घेतलेला एक गोरा माणूस, मागं काळी-गोरी मिसळ मंडळी. गाणं इंग्रजी आहे म्हणावं तर ध्रुवपद भलत्याच भाषेत. मध्येच सगळे थांबून वळून बघायला लागले. स्टेजच्या मागून एक पांढऱ्या केसांचा उंच म्हातारा हळूहळू नाचत पुढं आला. नेल्सन मंडेला. १९९९, फ्रँकफर्ट. गाणं होतं मंडेला तुरुंगात असताना १९८७ साली त्यांच्यावरच लिहिलेलं, 'असिम्बोनांगा', म्हणजे 'आम्ही त्यांना पाहिलं नाही'. आणि तो न पाहिलेला माणूस गाणाऱ्याच्या पाठीमागून येतोय, गाणाऱ्याला पत्ताच नाही. गाणं संपल्यावर मंडेलांनी त्याला तेच परत वाजवायला लावलं, कारण मागच्या बाजूचे काही लोक हललेच नव्हते. मी त्या रात्री हा व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला. घरचे म्हणाले, झोपा आता.

तर हा जॉनी क्लेग. जन्म १९५३, इंग्लंडात. आई झिम्बाब्वेकडची, ज्यू घरातली, स्वतः गाणारी. आईबरोबर झिम्बाब्वे, झांबिया करत पोरगा जोहान्सबर्गला पोचला. चौदाएक वर्षांचा असताना कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर एक झुलू, म्हणजे तिथल्या काळ्या जमातीतला माणूस गिटार वाजवताना ऐकला. त्याचं नाव चार्ली म्झिला, काम इमारतीतले फ्लॅट झाडणं-पुसणं. पोरगं त्याच्यामागं लागलं, मला शिकव. म्झिला त्याला कामगारांच्या हॉस्टेलवर घेऊन गेला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे, गोऱ्या पोरानं तिथं पाऊल टाकणंच गुन्हा होता. पंधराव्या वर्षी पहिली अटक झाली ती त्यापायीच.

मला पकडलं ते त्या गिटारनं. अंगठा खाली खर्जाची चाल धरतो, तर्जनी वर सूर काढते. एकाच माणसाच्या हातात दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. तारा शाळेतल्या पद्धतीनं लावलेल्या नाहीत, त्यांनी आपल्या गळ्याला सोयीच्या करून घेतल्यात. ह्या वादनाला मस्कंदी म्हणतात. गावाकडून शहरात मजुरीला आलेल्यांचं हे संगीत. गिटार गोऱ्यांची, कॉन्सर्टिना म्हणजे छोटी हातपेटी तीही गोऱ्यांची. पण आतल्या पट्ट्या इकडच्या तिकडं करून झुलूंनी ती आपल्या सुरात आणली.

इथं मी थांबलो आणि कपाटावरचा माझा बँजो खाली काढला.

ज्याला आपण बँजो म्हणतो तो बँजोच नाही. खरा बँजो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवला, गोल चामड्याचा. आपलं हे खोकं जपानचं. १९१२ साली नागोयातल्या गोरो मोरिटांनी तारांच्या वाद्याला टाईपरायटरसारखी बटणं बसवली, त्याचं नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात येऊन त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि आपल्या गल्लीत बँजो. नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, खोकं जपान्यांचं. वाजवणारा मी, घरात तेलुगू, शाळा मराठी, मालकाशी बोलणं दखनीत आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराला हात जोडताना कानावर कानडी. माझ्या बँजोचं 'सा'चं बटण झिजून बोटाच्या आकाराचं झालंय. त्या खड्ड्यात बोट ठेवून मी विचार करत बसलो, की ह्या खोक्यावर आजवर मी दुसऱ्यांची सिनेमाची गाणीच का वाजवली?

आपल्याकडे चार भाषा एका रिक्षात बसतात. मग चारही भाषांतून स्वतःचं गाणं लिहून गाणारा सोलापुरातून का निघाला नाही? का निघालाय आणि मलाच माहीत नाही?

---

कडक_भाकरी

मास्तर, लई भारी लिहिलंय. एका रिक्षात चार भाषा बसतात हे खरं, पण भाडं द्यायची वेळ आली की सगळे मराठीत भांडतात. :)

व्हिडिओ बघितला. तो पाय डोक्याच्या वर नेऊन जमिनीवर आपटतो ते बघून आमची आई म्हणाली, ह्याचा गुडघा जातोय आता.

---

शंकेखोर

लेख आवडला, पण सुराला सूर लावणार नाही.

एक. 'मिश्रण' ह्या शब्दाचा मला वीट आलाय. तबल्यावर ड्रमसेट, वर बासरी, मध्ये कुणीतरी 'अल्ला' किंवा 'माउली' म्हणतं, की झालं फ्यूजन. भेळेत सगळं असतं, पण भेळ हे जेवण नाही.

दोन. हे जरा कडवट आहे. राज्य गोऱ्यांचं, संगीत काळ्या मजुरांचं, आणि जगभर नाव झालं ते गोऱ्या पोराचं. फ्रान्समध्ये त्याला 'गोरा झुलू' म्हणून डोक्यावर घेतलं म्हणे. काळा झुलू गिटार वाजवतो तेव्हा तो नुसता झुलू असतो, त्यात बातमी नसते. हे कसं पचवायचं?

---

बँजो_मास्तर

शंकेखोरसाहेब, दुसऱ्या मुद्द्यापासून घेतो.

क्लेग एकटा नव्हता. सिफो म्चुनू नावाचा माळीकाम करणारा झुलू तरुण. एक गोरं पोरगं झुलू गिटार वाजवतंय हे त्याच्या कानावर गेलं, आणि तो सरळ दारात उभा राहिला. बघू, काय वाजवतोस ते. जुगलबंदीच. तेव्हा सिफो अठराचा, जॉनी सोळाचा. त्यातून पुढं जुलुका ही मंडळी उभी राहिली, पहिला अल्बम १९७९ चा. गाणी दोघांची, नाच दोघांचा. काळे-गोरे एका स्टेजवर दिसले की पोलीस येणार, म्हणून कार्यक्रम चर्चमध्ये, विद्यापीठात, कुणाच्या घरी, कामगारांच्या हॉस्टेलवर.

आता भेळेचं. आमचे वडील चादरीच्या मागावर होते, म्हणून मला दुसरी उपमा सुचत नाही. सोलापुरी चादर हातात घ्या. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मोर मोडत नाही. जकाट, म्हणजे जॅकार्ड मागावर विणलेलं असंच असतं, दोन्ही रंग दोन्हीकडं पोचलेले. छापील चादर उलटी करा, मागं नुसते डाग. गिऱ्हाईक चादर घेताना आधी उलटी करून का बघतं, ते ह्यासाठी.

तुम्ही म्हणता ते फ्यूजन छापील असतं. क्लेगची चादर झुलू बाजूनं उलटी करून बघा. हॉस्टेलमधल्या मजुरांनी त्याला आपल्या नाचाच्या पथकात घेतला, पाहुणा म्हणून नव्हे, नाचणारा म्हणून. भाषा शिकला, नाच शिकला, आणि नंतर विटवॉटर्सरँड विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकून तिथंच शिकवायलाही लागला. आधी हॉस्टेल, मग पुस्तक. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

---

मोहोळचा_पाहुणा

कंपनीनं चार वर्षं डर्बनला टाकलं होतं, म्हणून थोडी भर घालतो.

जुलुका म्हणजे झुलूत घाम. सिफोच्या बैलाचं नाव होतं ते. बैलाचं नाव मंडळीला देणारे लोक मोहोळ-बार्शीकडचे नाहीत ह्यावर माझा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता.

झुलूत जिभेचे तीन चटके आहेत. इंग्रजांनी त्यांना सी, क्यू आणि एक्स ही अक्षरं दिली. पहिला तर आपल्या आज्ज्या रोज करतात. कुणी पडलं-झडलं की "च्च् च्च्", तोच. दुसरा म्हणजे बाटलीचं बूच निघाल्यासारखा टॉक्. आणि तिसरा म्हणजे गाडीवान गालाच्या आतून बैलाला चुचकारतो ना, तो. आमचे चुलते शिवारात रोज हजार वेळा काढायचे तो आवाज. भाषेत अक्षर म्हणून तो ऐकला तेव्हा मी ऑफिसात एकटाच हसलो. पण चुचकारणं वेगळं आणि धावत्या ओळीत बरोबर मात्रेवर तो चटका टाकणं वेगळं. मला चार वर्षांत जमलं नाही. क्लेगचे चटके चुकत नाहीत असं माझा झुलू ड्रायव्हर सांगायचा, आणि तो कुणाचं सहसा कौतुक करणारा नव्हता.

दुसरं. मस्कंदीचं गाणं सरळ सुरू होत नाही. आधी गिटारवर एक सुरावट धबधब्यासारखी खाली येते, वादक आपला हात दाखवतो. आणि गाण्याच्या मध्ये गाणं थांबवून भरभर बोलणं सुरू होतं. मी कोण, कुठल्या नदीकाठचा, कुणाचा पोरगा, माझ्या गावचा डोंगर कुठला. शहरात मजूर म्हणून नुसता नंबर असलेला माणूस तेवढ्या अर्ध्या मिनिटात आपलं गाव सांगून घेतो.

रेडिओचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. तिथल्या सरकारी रेडिओवर प्रत्येक भाषेचं केंद्र वेगळं. इंग्रजीत झुलू मिसळलेलं गाणं कुठल्या केंद्रावर लावणार? कुठल्याच नाही. माणसं वेगळी ठेवायची तर भाषाही वेगळ्याच ठेवायला हव्यात, असा हिशोब.

---

अक्कलकोट_नाका

"मी कोण, कुणाचा पोरगा" वाचून आमच्याकडचे पुरवंत आठवले. वीरभद्राच्या पुढं हातात तलवार घेऊन कानडीत वडप म्हणतात ना, एका दमात, वाद्य थांबवून. तोच डौल.

कानडीतलं एक उदाहरण देतो. रघू दीक्षित. जन्म नाशिकचा, घर तमिळ, वाढला म्हैसूरला, शिकला सूक्ष्मजीवशास्त्र आणि भरतनाट्यम. गातो काय, तर शिशुनाळ शरीफांची पदं, गिटार आणि व्हायोलिनवर. शरीफ १८१९ ते १८८९ मधले, धारवाडकडचे. मुसलमान संत, गुरू ब्राह्मण गोविंदभट्ट. म्हणजे मिसळण दीक्षितनं केली असं म्हणता येत नाही, ती आधीच शिजलेली होती, त्यानं ताट बदललं.

---

बँजो_मास्तर

रेडिओचं वाचून एक जुनं दुखणं वर आलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गीतस्पर्धेचा फॉर्म भरला होता. त्यात 'भाषा' म्हणून एकच चौकोन. मी लिहिलं, मराठी-तेलुगू. टेबलावरच्या माणसानं पेन पुढं केलं, एक खोडा. मी म्हणालो, गाण्यात दोन्ही आहेत. तो म्हणाला, मग गाण्यातली एक खोडा.

मी फॉर्म घेऊन घरी आलो. चूक माझीही, भांडायला हवं होतं. त्या गाण्याची वही आता सापडत नाही.

---

शंकेखोर

मास्तर, चादर पटली. उलटी करून बघायची कसोटी माझ्यापुरती मान्य.

पण एक टाचणी राहूच दे. सिफो म्चुनू १९८५ मध्ये सगळं सोडून गावाकडं गेला, गुरं राखायला. क्लेगनं लगेच १९८६ मध्ये सावुका ही दुसरी मंडळी उभारली आणि जगभर गेला. दोघांची गाणी होती ना? मग एकाला गोठा आणि दुसऱ्याला पॅरिस का? ह्यात क्लेगचा दोष आहे असं म्हणत नाही. पण ज्याच्या हातात पासपोर्ट, त्याच्या नावावर संगीत जमा होतं, एवढं तरी लिहून ठेवा.

---

मोहोळचा_पाहुणा

लिहून ठेवलं. फक्त त्याला सगळीकडं पायघड्याच होत्या असं नाही. १९८८ ला लंडनमध्ये मंडेलांच्या सत्तरीनिमित्त प्रचंड मैफल झाली. क्लेगला तिथं गाता आलं नाही, कारण तो बहिष्कार असलेल्या दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम करतो म्हणून ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या युनियननं त्याला बाजूला ठेवलं होतं. घरच्या सरकारला तो काळ्यांचा आणि बाहेरच्यांना तो गोऱ्यांचा.

आणि किंमत मोजली ती फक्त स्टेजवर नाही. त्याचे विद्यापीठातले गुरू डेव्हिड वेब्स्टर, त्यांना १ मे १९८९ ला घरासमोर गोळ्या घातल्या. नाचातला जोडीदार डुडू झुलू १९९२ मध्ये मारला गेला, टॅक्सीवाल्यांच्या भांडणात मध्यस्थी करायला गेला होता.

---

धागेदोरे_ताई

मास्तरांनी विचारलं, सोलापुरातून असा कुणी का निघाला नाही. अहो मास्तर, निघाला होता. दोनशे वर्षं होऊन गेली. राम जोशी.

आपण त्यांना लावणीकार म्हणून कपाटात ठेवून दिलंय. पण बघा ना. सोलापूरच्या वेदशास्त्र जाणणाऱ्या घरातला मुलगा. तमाशाच्या फडावर धोंडी शाहिराकडं जाऊन बसायला लागला, म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढला. पंढरपूरला जाऊन संस्कृत पक्कं केलं, कीर्तनकार झाला, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांच्या तोंडी बसवल्या. आणि एवढं करून डफ-तुणतुणं सुटलं नाही ते नाहीच. मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत अशा चार भाषा एकाच लावणीत ओवण्यापर्यंत ह्या गृहस्थाची मजल. स्वतः रचायचं, स्वतः गायचं. मास्तर, तुम्ही 'स्वतःचं गाणं लिहून गाणारा' म्हणता, आपल्याकडं त्याला शाहीर असा तीन अक्षरी शब्द आहे.

मी कॉलेजात लोकसाहित्य शिकवलं. राम जोशींना शिकवताना आम्ही अलंकार शिकवले, वृत्तं शिकवली. त्या लावणीत कानडी ओळ आली की मात्र सगळे प्राध्यापक ती भराभर वाचून पुढं सरकायचे, मीसुद्धा. वर्गात चार-पाच मुली कानडी घरातल्या असायच्या. त्यांना उभं करून ती ओळ म्हणून घ्यावी हे मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.

भाऊ हाकलतो, पोलीस पकडतात, फॉर्मवाला एक खोडायला सांगतो. शंकेखोर, भेळवाल्याला कुणी घराबाहेर काढत नाही हो.

---

कडक_भाकरी

ताई, शेवटच्या ओळीला दंडवत. शंकेखोर आता शेंगाची चटणी खाऊन गप्प बसणार.

---

शंकेखोर

बसतो की. चटणी पाठवा.

---

बर्फातला_पंढरपूरकर

कॅनडातून वाचतोय. इथली एक गायिका सांगतो, ल्हासा दे सेला. नाव तिबेटच्या शहरावरून. वडील मेक्सिकन, आई अमेरिकन, लहानपण एका जुन्या शाळेच्या बसमध्ये फिरत गेलं, बसच घर. मॉन्ट्रियलला येऊन १९९७ मध्ये पहिला अल्बम केला तो अख्खा स्पॅनिशमध्ये, फ्रेंच बोलणाऱ्या गावात. २००३ च्या दुसऱ्यात स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी शेजारीशेजारी. २०१० च्या १ जानेवारीला गेली, कर्करोगानं, ३७ व्या वर्षी.

तिच्याकडं मिसळण दिसतच नाही. एका गाण्यात सहसा एकच भाषा. पण स्पॅनिश गाण्यात फ्रेंच थंडी आहे, हे इथं डिसेंबरात बस थांब्यावर उभं राहिल्यावर कळतं.

---

विजापूर_रोड_२२

नमस्कार सगळ्यांना. मी लहान आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गाणी लिहितो. घरात तेलुगू, मित्रांत मराठी आणि दखनी. एक गाणं अडकलंय. विषय असा की आमच्या गल्लीतली निम्मी पोरं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली, ती गेलीच. दिवाळीला येतात आणि बॅग सोडत नाहीत. ध्रुवपदात मराठीत "निघालास कुठं?" आणि लगेच तेच तेलुगूत "एक्कडिकि वेळ्तुन्नावु?" असं केलंय. वाचताना छान वाटतं, पण गाताना दोन भाषांच्या मध्ये पायरी लागते. मराठी ओळ धाडकन थांबते आणि तेलुगू ओळ घसरत जाते. काय करू?

---

बँजो_मास्तर

बाळा, तुझं दुखणं ओळखीचं आहे. माझ्या हरवलेल्या वहीतही तीच पायरी होती.

कारण सांगतो. तेलुगू शब्द संपताना तोंड उघडं राहतं. पूलु, इल्लु, वूरु. शेवटी बहुतेक स्वर असतो, म्हणून सूर धरायला जागा मिळते. मराठीत आपण 'घर' म्हणतो आणि 'र'वर दार लावून घेतो. लिहिताना अकार असतो, बोलताना गिळतो. तुझं 'निघालास' तसंच 'स'वर बंद होतं, 'कुठं'च्या शेवटी स्वर आहे पण तू तोही तोडतोस, म्हणून तुझी मराठी ओळ धाडकन थांबते.

पण ओवी आठव. जात्यावरची बाई 'घर' म्हणत नाही, 'घरऽ' म्हणते. अभंगात, लावणीत, सगळीकडं गिळलेला अकार गाताना परत वर येतो. जिथं तू बोलल्यासारखं गातोस तिथं मराठी दार लाव, आणि तेलुगूच्या आधीच्या शेवटच्या शब्दाला दार उघडं ठेव. 'कुठं'चा शेवटचा स्वर लांबव, सूर चालू दे, आणि त्यावरच तेलुगू सुरू कर. मधे श्वास घेऊ नको.

दुसरं. अमावस्येपासून बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण, सुरू होतेय. सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत संध्याकाळी जा. फुलांचा ढीग मध्ये, बायका गोल फिरत टाळ्या देतात, प्रत्येक ओळीला "उय्यालो" येतं. आणि दोन गल्ल्या पलीकडं त्याच दिवसांत भोंडल्याचा फेर असतो, पाटावर हत्ती. आमच्या वाड्यात एक पोरगी होती, ती दोन्हीकडं जायची. एकदा भोंडल्यात चुकून ओळीच्या शेवटी "उय्यालो" म्हणाली, आणि बाकीच्या पोरींनीही न थांबता म्हटलं. फेर मोडला नाही. मला वाटतं तुझी लय तिथं आहे, कंप्युटरमध्ये नाही. फोन बंद करून नुसत्या टाळ्या ऐकून ये.

आणि क्लेगचा तो पहिला अल्बम ऐक. खाणीत कामाला गेलेल्या मजुरांची गाणी आहेत, गाव आणि शहर ह्यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्यांची. तुझ्या हुतात्मा एक्सप्रेसच्या डब्यातलेच समज.

---

धागेदोरे_ताई

मास्तरांनी लय सांगितली, मी एकच सांगते. गाणं यूट्यूबवर टाकण्याआधी घरात ज्या म्हाताऱ्या माणसाची ती भाषा आहे त्याला ऐकव. मित्रांना नाही. मित्र "एक नंबर" म्हणतील.

---

कडक_भाकरी

हौ. आणि आजी "एक नंबर" म्हणाली तर धागा बंद करून टाका बे.

---

विजापूर_रोड_२२

(अकरा दिवसांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा.

बतुकम्माला गेलो. तीन संध्याकाळी नुसता भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिल्या दिवशी बायकांना वाटलं मोबाईल चोरायला आलोय. तिसऱ्या दिवशी एका काकूंनी परडी धरायला दिली.

मग आजीला गाणं ऐकवलं. आजी बिड्या वळत होती. पान कापताना तिची कात्री थांबत नाही, टीव्हीवर भूकंप आला तरी. माझं ध्रुवपद आलं आणि कात्री थांबली. मला वाटलं आवडलं. आजीनं विचारलं, "हे कोण पाहुणं बोलायलंय?"

मी म्हणालो, मीच की. ती म्हणाली, असं कोण बोलतं आपल्यात? हे सिनेमातलं. दाराशी उभा राहून तुझा आजा विचारायचा, "याडिकि पोतुन्नव?" आणि परत कात्री सुरू.

मास्तर, मला तेलुगू येतं असं मी आख्खं आयुष्य समजत होतो. मी लिहिलेलं तेलुगू आमच्या घरात कुणी बोलतच नाही. ते मी हैदराबादच्या सिनेमातून उचललेलं. आमच्या लोकांनी करीमनगरकडून येताना आणलेलं वेगळं होतं, आणि ते मला गावठी वाटायचं म्हणून गाण्यात घेतलं नव्हतं.

---

बँजो_मास्तर

आजीला माझा नमस्कार सांग. आता मीटरमध्ये बसतंय का?

---

विजापूर_रोड_२२

बोटांवर मोजलं. आधीच्या ओळीत बारा मात्रा होत्या, आजीच्या ओळीत दहाच. दोन रिकाम्या राहतात.

---

बँजो_मास्तर

त्या भरू नको. तिथं हलगीचे दोन ठोके टाक, बाकी सगळं बंद. दसऱ्यापर्यंत मी मोकळा आहे, रविवारी सकाळी बँजो घेऊन येतो. तुमच्याकडं सूर लावायला पेटी आहे का, का मी आणू? माझ्या बँजोची एक तार परवा तुटली, ती दुकान उघडल्यावर घेतो.

---

कडक_भाकरी

पेटी माझ्याकडं आहे. दोन पट्ट्या अडकतात, पण चालेल. पत्ता टाका व्यनित (खाजगी निरोपात).